किशोरवयीन मुलांचं वाचन आणि भावनांचे शब्द

शाईची दौत (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी माध्यमिक वर्गांना भाषा शिकवते. कथेतल्या पात्राला अमुक प्रसंगी काय वाटलं असेल ते लिहा, असं सांगितलं की बहुतेक वह्यांत तेच ते शब्द येतात. वाईट वाटलं. राग आला. टेन्शन आलं. भारी वाटलं. जिवलग मैत्रिणीने सगळ्यांसमोर गुपित फोडलं तरी 'वाईट वाटलं', स्पर्धेत थोडक्यात नंबर हुकला तरी 'वाईट वाटलं' आणि घरातलं माणूस गेलं तरी 'वाईट वाटलं'. हे तिन्ही प्रसंग त्यांना सारखेच वाटतात असं अजिबात नाही. तोंडी बोलायला लागली की आवाज बदलतो, हातवारे बदलतात, एखादी मुलगी मध्येच गप्प होते. आत फरक आहे, तो कागदावर उतरत नाही.

याच वर्गांत थोडी मुलं अशी असतात की ती लिहितात, 'तो ओशाळला', 'तिला हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली', 'त्याने हसून साजरं केलं पण मनात रुखरुख राहिली'. ही मुलं परीक्षेत पुढे असतातच असं नाही, काही जण गणितात, विज्ञानात जेमतेम असतात. पण एक गोष्ट त्यांच्यात समान दिसते. ती गोष्टी वाचतात. अभ्यासाबाहेरच्या, लांबलचक, कुणी सांगितलं नसताना.

असं का होत असावं? समोरासमोर बोलताना शब्दांवर फारसा भार पडत नाही. सूर, डोळे, खांदे, मधलं थांबणं हेच निम्मं सांगून टाकतात. पुस्तकाकडे यातलं काहीच नसतं. पात्राची तगमग पोचवायची तर लेखकाला ती शब्दांतच मांडावी लागते आणि नुसतं नाव देऊन भागत नाही. आधी काय घडलं, त्यावर तिच्या मनात काय आलं, अंगात काय झालं, ती काय बोलली आणि काय गिळून गेली, हे सगळं त्या शब्दाच्या आजूबाजूला असतं. 'हिरमुसला' हा शब्द कोशात पाहून पुरता कळत नाही. कुणी मोठ्या उत्साहाने काही दाखवायला धावत आलं आणि समोरच्याने मान वर करूनही पाहिलं नाही, हे वाचलं की कळतो.

हेज आणि आरेन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये इंग्रजीतल्या मजकुरांची मोजदाद केली होती. एरवी क्वचित भेटणारे शब्द लहान मुलांच्या पुस्तकांत दर हजारी सुमारे ३१ निघाले आणि शिकल्यासवरलेल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांत सुमारे १७. म्हणजे घरात कितीही चांगलं बोललं जात असलं तरी काही शब्द मुलाला पानावरच भेटणार. पण एकदा भेटून शब्द आपला होत नाही. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वाचता वाचता समोर आलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्केच मुलं आत्मसात करतात असं दिसलं. तोच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. म्हणून मी 'वाचन' न म्हणता 'वाचनाची सवय' म्हणते.

माझं मत असं आहे की वाचनाने शब्द ओळखीचे होतात, पण ते स्वतःसाठी वापरायला मूल शिकतं ते पात्रांबद्दल कुणाशी तरी बोलताना. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला थेट त्याच्या मनाबद्दल विचारलं तर ते आक्रसतं. तेच मूल पात्राबद्दल तासभर हिरिरीने भांडेल. तुम्हाला घरी, वर्गात काय दिसतं? विरोधी मतंही हवी आहेत.


अबोली

विषय अगदी मनातला काढलात. माझा मुलगा चौदाचा आहे. पाचवी-सहावीपर्यंत त्याच्या हातात पुस्तक नाही असा दिवस नसायचा. आता बरेच महिने त्याने एकही उघडलेलं नाही. काय झालं विचारलं की 'काही नाही', दिवस कसा गेला विचारलं की 'ठीक'. मध्यंतरी एका संध्याकाळी खूप चिडला, मग एकदम रडला आणि स्वतःच म्हणाला, "मला कळतच नाहीये मला काय होतंय." ते वाक्य मला लागून राहिलंय. लहानपणी हाच मुलगा 'मी आता रुसलोय' असं जाहीर करून रुसायचा. वाचन सुटलं म्हणून हे झालं, की हे झालं म्हणून वाचन सुटलं? पुन्हा वाचायला लावलं तर उपयोग होईल का?


मुक्तछंद

अबोली, घरोघरी हेच. वाचते आहे.


कोरा कागद

अबोलीताई, तुमच्या मुलाच्या वाक्यावरून एक अभ्यास आठवला. कदाचित त्याने थोडा धीर येईल. एरिक नूक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५ ते २५ वयोगटातल्या मुलामाणसांना चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्र पाहून राग, दुःख, भीती, किळस अशा भावना किती किती वाटल्या ते विचारलं. कुणालाही वाटेल की भावना वेगळ्या ओळखण्याची ताकद वयाबरोबर सरळ वाढत जात असेल. तसं निघालं नाही. लहान मुलांत ती चांगली होती, किशोरवयात घसरली आणि तरुणपणाकडे जाताना पुन्हा वाढली. लहान मूल एका वेळी बहुधा एकच भावना सांगतं, त्यामुळे सरमिसळ होत नाही. किशोरवयात एकाच वेळी अनेक भावना येतात आणि त्या सुट्या करता येत नाहीत, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. 'मला काय होतंय ते कळत नाही' हे वाक्य त्या वयाचं अगदी प्रामाणिक वर्णन आहे. रुसलोय असं जाहीर करणारा मुलगा मागे गेलाय असं कृपया समजू नका.

आता मुख्य मुद्दा. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून सावधपणे लिहितो. २०१३ मध्ये किड आणि कास्तानो यांचा शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. साहित्यिक कथेचा छोटा भाग वाचून झाल्या झाल्या लोक दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचणीत सरस ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे २०१८ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'मधल्या २१ समाजशास्त्रीय प्रयोगांची नव्याने पडताळणी झाली. १३ टिकले. हा टिकला नाही.

दीर्घकाळच्या वाचनाबद्दलचे निष्कर्ष जरा बरे आहेत. रेमंड मार, कीथ ओटली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोकांना लेखकांच्या नावांची यादी दिली, त्यात खोटी नावंही मिसळली आणि कोण कोणाला ओळखतं यावरून वाचनाचा अंदाज घेतला. कथा-कादंबऱ्यांचे लेखक ओळखणारे लोक, नुसते डोळे पाहून भावना ओळखण्याच्या चाचणीत वरचढ ठरले. माहितीपर पुस्तकांच्या वाचकांत तसं दिसलं नाही. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांतही संबंध दिसतो, पण तो लहान आहे. शिवाय यातले बहुतेक अभ्यास मोठ्यांवरचे आहेत. आणि ज्याला मुळातच माणसांच्या मनात रस आहे तोच कादंबरी उचलत असेल, ही शक्यता उरतेच. दौत मॅडम, तुमच्या वर्गातली ती थोडी मुलं अशीच असू शकतात.


उंबरठा

कोरा कागद यांचा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण वाचनाला जास्तच श्रेय देतो आहोत. एक अक्षर न वाचता आलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, ज्यांच्या बोलण्यात मनाच्या बारीकसारीक छटा यायच्या. 'जीव टांगणीला लागला', 'पोटात खड्डा पडला', 'उर भरून आला', 'जीव वरखाली होतो', हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

माझी मुलगी पंधराची आहे आणि पुस्तक हातात धरत नाही. ती संघात खेळते. सामना हरला की त्यांच्या प्रशिक्षक मुलींना गोल करून बसवतात आणि प्रत्येकीला बोलायला लावतात. 'माझा मलाच राग आला' आणि 'तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तिथे कळलं. घरी येऊन मला तिनेच समजावून सांगितलं. बोलण्याची जागा हवी, माझ्या मते तेच मूळ आहे.


शाईची दौत

उंबरठा, तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांना माझा नमस्कार कळवा. बोलण्याची जागा हे मूळ आहे हे मला मान्य आहे, आणि तुम्ही लिहिलेले वाक्प्रचार वाचून बरंही वाटलं. ते सगळे शरीरातून आलेले आहेत. पोट, उर, जीव. मुलांना हे फार लवकर कळतं. 'पोटात खड्डा कधी पडला होता?' असं विचारलं की वर्ग बोलायला लागतो आणि 'भीती कधी वाटली?' असं विचारलं की गप्प बसतो.

माझी काळजी वेगळ्या मुलांची आहे. ज्यांच्या भोवती असं बोलणारं कुणीच नाही, ज्यांच्या घरी भावनेचं नाव काढलं की 'नाटकं करू नकोस' ऐकायला मिळतं, त्यांनी काय करायचं? त्यांना असे प्रशिक्षक मिळतील याची खात्री नसते. पुस्तक मिळू शकतं. आणि पुस्तकासमोर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

कोरा कागद, मुळात रस असलेलीच मुलं वाचत असतील, हे खरं असू शकतं. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात. रस आहे म्हणून वाचतो, वाचतो म्हणून बारकावे दिसायला लागतात, दिसायला लागले की रस वाढतो. यातलं पहिलं काय, हे वर्गात बसून सिद्ध करता येणार नाही. मी एवढंच करू शकते, की ज्याला रस नाही त्यालाही या चक्रात कुठून तरी शिरता येईल असं पाहायचं.


रातकिडा

मी सोळा वर्षांची आहे, इथे बहुधा सगळ्यांत लहान. थोडं लिहू का?

मी खूप वाचते. शब्द माहीत असतात. तरी आई 'काय झालंय?' विचारते तेव्हा मीसुद्धा 'काही नाही'च म्हणते. कारण शब्द सांगितला की त्याच्यामागे प्रश्न येतात. 'एकटं वाटतं' म्हटलं की 'का? कोण काय बोललं? तुझ्या मैत्रिणी कुठे गेल्या?' मला फक्त सांगायचं असतं. त्यावर लगेच कुणी काही करायचं नसतं. त्यामुळे जे मूल सांगत नाही त्याच्याकडे शब्द नाहीत, असं मोठ्यांनी गृहीत धरू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे मी बरंचसं इंग्रजीत वाचते. त्यामुळे मनातल्या मनात स्वतःशी बोलते ते इंग्रजीत आणि घरी बोलायचं मराठीत. 'राग' आणि 'कंटाळा' यांच्या पुढचं मराठी माझ्याकडे फारसं नव्हतंच. मावशीने मराठी कादंबऱ्या दिल्या. सुरुवातीच्या मला रटाळ वाटल्या, खरं सांगते. मग एकीत 'घुसमट' हा शब्द आला. एका मुलीला सगळे चांगलं वागवतात, प्रेम करतात, तरी तिला त्या घरात श्वास घेता येत नाही, असा प्रसंग होता. मला असं होतं तेव्हा मला आधी वाटायचं की मी कृतघ्न आहे. हे दुसऱ्या कुणाला झालंय, आणि कुणी तरी ते एवढं नीट लिहून ठेवलंय, याने मला खूप हलकं वाटलं.


अनुस्वार

रातकिडा, किती स्वच्छ लिहिलंस. तुझ्या 'काही नाही'ला आपल्या परंपरेत जागा आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव आणि ३३ संचारी भाव सांगितले आहेत. संचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे. त्यांत असूया आहे, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. अमर्ष आहे, म्हणजे अपमान झाल्यावर आत पेटणारी चीड. ग्लानी, दैन्य, व्रीडा, औत्सुक्य आहेत. आणि 'अवहित्था' आहे, म्हणजे आतलं बाहेर दिसू न देणं. लपवणं हासुद्धा एक भाव आहे आणि नटाने तोही दाखवता आला पाहिजे, अशी ती समज आहे. मुलांकडून ही यादी पाठ करून घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण नाटक बसवताना 'इथे ती रागावलेली नाही, राग लपवते आहे, तसं कर' असं सांगितलं की चौदा वर्षांची मुलगी ते क्षणात करून दाखवते. तिथून बोलणं सुरू होतं.


खिडकी

शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, त्या अनुभवातून लिहिते आहे. कुणाचीही ओळख पटणार नाही अशा बेताने.

मुलांकडे शब्द कमी आहेत असं मला सरसकट म्हणवत नाही. एका प्रकारचे शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत. अँक्झायटी, डिप्रेशन, ट्रॉमा, ट्रिगर, टॉक्सिक. हे मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून आले आहेत. एका अर्थी हे चांगलं झालं, मदत मागण्याची लाज कमी झाली. पण हे शब्द फार मोठे आहेत. 'मला अँक्झायटी आहे' असं म्हणत मुलं येतात. मी नाकारत नाही. कधी होतं, कुठे होतं, त्याच्या आधी काय झालेलं असतं, एवढंच विचारत राहते. मग एकाच्या बाबतीत निघतं की वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायची धास्ती आहे. दुसऱ्याला मित्रांनी गटातून काढून टाकलंय, तो अपमान आहे. तिसरीने घरातल्या भांडणांचा धसका घेतलाय. धास्तीसाठी थोड्या थोड्या सरावाने पुढे जाता येतं. अपमानासाठी कुणी तरी ऐकून घ्यावं लागतं आणि नवी मैत्री शोधावी लागते. धसक्यासाठी मला घरातल्या मोठ्यांशीच बोलावं लागतं, त्यात मुलीने करण्यासारखं काही नसतं. तिघांनी एकच नाव धरून ठेवलं असतं तर तिघांनीही एकच उपाय केला असता, तो म्हणजे शाळा टाळणं.

लिसा फेल्डमन बॅरेट यांनी भावनांमधला असा बारीक भेद करता येण्यावर पुष्कळ संशोधन केलं आहे. आणि मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूची प्रतिमाचित्रं घेऊन दाखवलं, की भेदरलेला किंवा संतापलेला चेहरा पाहताना त्या भावनेला नाव दिलं, तर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी होते आणि कपाळामागच्या एका भागाचं काम वाढतं. अमिग्डाला धोक्याची चाहूल टिपण्यात पुढे असतो. 'बोललं की बरं वाटतं' याचा निदान एक धागा तिथे सापडतो. नाव जितकं नेमकं तितका पुढचा मार्ग सोपा, हे मात्र मी माझ्या कामातून सांगते.

गोष्टी वाचणाऱ्या मुलांशी बोलताना मला एक फरक जाणवतो. ती प्रसंगापासून सुरुवात करतात. 'आधी असं झालं, मग मला वाटलं की...' गोष्ट सांगायचा साचा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. न वाचणारी मुलं बऱ्याचदा थेट निष्कर्षापाशी येतात, 'माझं सगळंच वाईट आहे'. तिथून मागे प्रसंगापर्यंत जायला वेळ लागतो. शब्दांपेक्षाही हा साचा मला मोलाचा वाटतो.

दोन गोष्टी काळजीने सांगते. काही मुलांना आपल्या भावना ओळखणं आणि सांगणं मुळातच फार अवघड जातं. पीटर सिफ्निऑस यांनी १९७० च्या दशकात याला 'अलेक्सिथायमिया' असं नाव दिलं, आणि ते मोजण्यासाठी २० विधानांची एक प्रश्नावली आज सर्रास वापरली जाते. अशा मुलाला 'वाचत नाहीस म्हणून बोलता येत नाही' असं चुकूनही ऐकवू नका. आणि झोप, भूक, अभ्यास, मित्र हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलेलं असेल, किंवा जगून काय उपयोग अशी भाषा तोंडी आली, तर पुस्तक, गप्पा हे सगळं बाजूला ठेवून तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. अबोलीताई, तुमच्या लिहिण्यातून मला तसं वाटलं नाही, तरी लक्ष असू द्या.


अबोली

खिडकी ताई, मनापासून आभार. झोप आणि जेवण व्यवस्थित आहे, मित्रांबरोबरही असतो. त्या बाबतीत निश्चिंत आहे. कोरा कागद, तुमचा तो अभ्यास मी नवऱ्यालाही वाचून दाखवला.


तळटीप

ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम करतो. वाचन सुटण्याबद्दल लिहितो.

ज्या वयात मनातलं गुंतागुंतीचं होतं, नेमक्या त्याच वयात वाचन सुटतं. २०१८ च्या पिसा चाचणीत, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांच्या चाचणीत, 'वाचावं लागलं तरच वाचतो' असं म्हणणारे निम्म्याच्या आसपास होते. मुलींपेक्षा मुलांत वाचनाची आवड कमी, हेही तिथे पुन्हा पुन्हा दिसतं. सुटण्याची कारणं मला काउंटरवरून दिसतात ती अशी. बालविभागातली पुस्तकं 'लहान मुलांची' वाटायला लागतात आणि मोठ्यांच्या कपाटापाशी जायचा संकोच वाटतो. त्यातून पालक सोबत असले की ते पुस्तक हातातून काढून घेऊन दुसरं 'चांगलं' देतात. चित्रकथा घेतली की 'हे काय वाचन आहे?' असा प्रश्न येतो.

चित्रकथांबद्दल मला भांडायचंच आहे. चित्रकथेत चेहरा आणि शब्द शेजारी शेजारी असतात. पात्र म्हणतं 'मी ठीक आहे' आणि चेहरा दुसरंच सांगतो. म्हणणं आणि वाटणं यातली फट वाचायला शिकवणारा याहून सोपा प्रकार मला माहीत नाही. हेज आणि आरेन्स यांच्या ज्या मोजणीचा उल्लेख वर आला, तिच्यात कॉमिक्समधले क्वचित शब्द मुलांच्या पुस्तकांपेक्षाही जास्त होते. तेव्हा ज्याला जे धरून ठेवतं ते वाचू द्या. भयकथा, खेळाडूंची आत्मचरित्रं, ऑनलाइन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, काहीही. आत्मचरित्रात तर हरल्यावरचा माणूस भेटतो आणि हरणं ही या वयाची रोजची गोष्ट आहे.

आणि पुन्हा पुन्हा तेच पुस्तक नेणाऱ्या मुलांना अडवू नका. काय होणार ते माहीत असतं, म्हणून दुसऱ्या वेळी लक्ष माणसांकडे जातं.


मुक्तछंद

चित्रकथांसाठी +१. पण तळटीप, मुलं दिवसभर मेसेज वाचतात आणि लिहितातच की. ते वाचन का धरायचं नाही?


तळटीप

वाचन आहेच. फक्त मेसेजमध्ये दोघांनाही सगळा संदर्भ माहीत असतो, त्यामुळे वर्णन करावंच लागत नाही. एक रडका चेहरा पाठवला की काम भागतं. अनोळखी माणसाला आपलं मन समजावून सांगायची गरज पडते तेव्हाच शब्द शोधावे लागतात. पत्र, रोजनिशी, कथा, अशा मोठ्या मंचावरचा प्रतिसाद, यात ती गरज पडते. रातकिडाने वर लिहिलं तेच बघा.


कोरा कागद

एक वेगळा निष्कर्ष मांडतो, कारण त्याने चर्चेची दिशा थोडी बदलेल असं वाटतं. वाइन, बॉइड आणि पेनेबेकर यांनी २०२० मध्ये विद्यार्थ्यांचं मुक्तलेखन आणि हजारो ब्लॉग तपासले. नकारात्मक भावनांसाठी ज्यांनी जास्त वेगवेगळे शब्द वापरले त्यांच्या लिखाणात आणि उत्तरांत ताण आणि आजारपण जास्त दिसलं. सकारात्मक भावनांसाठी ज्यांच्याकडे वेगवेगळे शब्द होते त्यांचं स्वास्थ्य बरं होतं. शब्दांमुळे दुःख वाढतं असा याचा अर्थ नाही. ज्या मनःस्थितीत माणूस जास्त राहतो तिचे शब्द त्याच्याकडे साठत जातात, असा अर्थ लावता येतो.

पण मला खटकलं ते हे, की या धाग्यावर आतापर्यंत आपण जवळजवळ सगळे शब्द दुःखाचे, भीतीचे आणि रागाचेच काढले आहेत.


शाईची दौत

कोरा कागद, हे फार चांगलं दाखवलंत. वह्यांतही हेच आहे. दुःखासाठी निदान तीन-चार शब्द येतात, आनंदासाठी एकच, 'भारी'. निकाल लागेपर्यंत जीव मुठीत धरून बसल्यावर हायसं वाटणं वेगळं, शिक्षकांनी सगळ्यांसमोर नाव घेतल्यावर हरखून जाणं वेगळं, भांडलेली मैत्रीण स्वतःहून बोलायला आल्यावर भरून येणं वेगळं, आणि काहीच न घडता उगाच निवांत वाटणं आणखी वेगळं. पुढच्या सत्रात मी आनंदाच्या प्रसंगांपासूनच सुरुवात करणार आहे. शिवाय आनंदाबद्दल बोलायला मुलं कमी लाजतात.

वर्गात मी काय करते ते काहींनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं, म्हणून इथेच लिहिते. गोष्टीचा भाग मी स्वतः मोठ्याने वाचते, दहावीलासुद्धा. 'तिला काय वाटलं?' हा प्रश्न सोडून दिला आहे, त्याला 'वाईट' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'तिने खरं का सांगितलं नाही?' किंवा 'तो निघून गेला ते चिडून की दुखावून?' असं विचारते. दोन जवळचे शब्द समोर ठेवले की वर्गाचे दोन गट पडतात, आणि आपलं म्हणणं पटवायला मुलं परत मजकुरात शिरून पुरावे शोधतात. एकदा एका मुलाने दोन्ही शब्द नाकारले आणि म्हणाला, 'बाई, तो चिडलेला नाही, त्याला स्वतःची कीव येतेय, म्हणून तो दुसऱ्यावर ओरडतोय.' त्या मुलाच्या वहीत तोवर 'राग आला' याच्या पलीकडे काही नसायचं. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, हे मी या तासाला अजिबात करत नाही. गुण ठेवत नाही. गुण आले की मुलं बाईंना काय आवडेल ते लिहितात.

आणि या तासाला कुणालाही स्वतःचा अनुभव विचारायचा नाही, हा नियम मी पाळते. सांगावंसं वाटलं तर तास संपल्यावर येतात. रातकिडा, तू जे लिहिलंस ते लक्षात ठेवून मीही आता आधी फक्त ऐकेन.

अबोली, मुलाला वाचायला लावू नका असं मी म्हणेन. घरात दुसऱ्या कुणी वाचलेलं त्याच्या कानावर पडू दे. खेळाडूचं आत्मचरित्र, चित्रकथा, जे तळटीप म्हणतात ते सहज दिसेल असं असू दे. सिनेमा-मालिका एकत्र बघत असाल तर तीही चालेल, प्रश्न तेच विचारता येतात. 'तो असं का वागला असेल?' एवढंच. पुढचं त्याच्यावर सोडा.


उंबरठा

'चिडून की दुखावून' हा प्रश्न मी मुलीच्या प्रशिक्षकांना कळवतो. त्यांना नक्की आवडेल.


रातकिडा

दौत मॅडम, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

अबोली काकू, माझंही मध्ये एक वर्ष वाचन सुटलं होतं. परत सुरू झालं ते लहानपणची मालिका पुन्हा वाचून. सोपी असते, कुठे थांबलो ते लक्षात ठेवावं लागत नाही, आणि तेव्हा न कळलेलं आता कळतं. खोलीत नवीन पुस्तक आणून ठेवलं की 'वाचलंस का?' हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत असतं, म्हणून हातच लावावासा वाटत नाही. जुनी पुस्तकं फक्त काढून बाहेर ठेवा, काही न बोलता.


अबोली

काढून ठेवते. त्याची एक साहसकथांची मालिका होती, तिचे भाग अजून माळ्यावर आहेत. त्यातला नायकाचा एक मित्र त्याला अजिबात आवडायचा नाही, इतका की त्याची पानं तो उलटून पुढे जायचा. तेव्हा मी कधी विचारलं नाही. पहिला भाग मीच वाचायला घेते आणि त्या मित्रापर्यंत पोचले की विचारते, याचं तुला काय खटकायचं?